पुढच्या तब्येतीचं माप

ताई स्टुलावरून पडली ती एका करड्या सुती ताग्यापायी. तागा वरच्या फळीवर होता, धाकटी मशीनवर काज करत बसली होती, आणि ती "थांब, मी देते काढून" म्हणेपर्यंत ताई स्टुलावर चढलीही होती. चौसष्टाव्या वर्षी स्टुलावर चढू नये हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही, पण दुसऱ्याला काम सांगून ते होईपर्यंत वाट बघणं तिच्या रक्तातच नव्हतं. आधी तागा खाली आला, त्याच्या मागोमाग ताई. ताग्याला काही झालं नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला. कमरेच्या खालच्या हाडाला दोन ठिकाणी चीर. ऑपरेशनची गरज नाही, पण सहा आठवडे पाठ टेकून पडून राहायचं, पाय जमिनीला लावायचा नाही, अंघोळ-बिंघोळ सगळं खाटेवर. "जमेल ना, आजी?" असं त्यांनी मोठ्या आवाजात विचारलं. ताईनं मान हलवली, आणि ते वळल्यावर धाकटीला म्हणाली की आजी कोणाला म्हणतोय हा, याच्या पँटीची मागची शिवण उसवलीय ती बघ आधी.

दोघी बहिणींचं दुकान खाली आणि घर वर. मधे सोळा पायऱ्यांचा जिना, तोही अरुंद, एका बाजूलाच कठडा असलेला. वडील गेल्यापासून दोघींनी कामाची वाटणी केली होती आणि ती चाळीस वर्षांत बदलली नव्हती. गिऱ्हाइकाचं माप ताई घ्यायची, कापड ताई बेतायची. शिवायचं धाकटीनं. ताईचं म्हणणं असं की शिवताना चुकलं तर उसवता येतं, बेतताना चुकलं की कापड गेलंच. म्हणजे उसवता येण्याजोगं सगळं काम धाकटीकडे आलं होतं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. एखादीला चष्मा लागतो, एखादीला नाही, तसंच ते.

बेतायचं टेबल कमरेच्याही वर उंच होतं. त्याच्यासमोर उभं राहावं लागे, तासन् तास, आणि जाड कापडाला कात्री लावताना सगळ्या अंगाचा भार पायांवरून खांद्यात आणावा लागे. बसून बेतणारे ताईच्या लेखी शिंपी नव्हतेच, ते कागद कापणारे. म्हणून घरी आणल्यावर, चार जणांनी खुर्चीत बसवून जिन्यावरून वर चढवल्यावर आणि खाटेवर निजवल्यावर, ताईनं पहिली गोष्ट सांगितली ती ही: आधीच बेतून ठेवलेले कपडे पुरवून पुरवून शिव, नवीन काम घेऊ नको, सहा आठवड्यांनी मी खाली टेबलाशी उभी असेन. धाकटीनं बेतलेली गाठोडी मोजली. पाच आठवड्यांचं काम होतं, हळू शिवलं तर सहा. ती हळू शिवायला लागली.

तिसऱ्या दिवशी व्यायाम शिकवणाऱ्या बाई आल्या. तिशीच्या आतबाहेरची मुलगी, पाठीवर पिशवी, पायात बूट, बोलणं भराभर. त्या जिना उतरायच्या आधीच ताईनं त्यांचं नाव कसरतबाई ठेवलं. कसरतबाईंनी खाटेच्या कडेवर बसून नीट समजावलं. मोडलेलं हाड आपलं आपण जुळेल, त्याची काळजी नको. काळजी मांडीची. जो स्नायू कामाला नाही त्याला शरीर ठेवून घेत नाही, मोडून खातं, आणि या वयात भराभरा खातं. सहा आठवड्यांनी हाड तयार असतं आणि उभं करायला पायच नसतात, असं त्यांनी कितीदा तरी पाहिलं होतं. त्यासाठी दोन गोष्टी. एक, अमिनो आम्लांची ही पावडर, दिवसातून तीन वेळा एकेक चमचा. स्नायू ज्यापासून घडतात तेच यात आहे. दुसरी गोष्ट व्यायाम. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा तिच्यावर दाबायचा, पाच मोजेपर्यंत धरायचा, सोडायचा. दहा वेळा, एकेका पायानं, सकाळ-दुपार-संध्याकाळ. दुखेल. हाडाला धोका नाही, पण दुखेल.

"नुसत्या पावडरीनं भागणार नाही, मावशी. पायाकडे काम मागितलं तरच ती पायाला लागते."

"म्हणजे पावडर हे कापड झालं," ताई म्हणाली. "शिवायला आपणच बसायचं."

कसरतबाईंना हे इतकं आवडलं की आता सगळ्या पेशंटना असंच सांगते म्हणाल्या. मग त्यांनी गुडघ्याच्या वाटीपासून दहा सेंटिमीटर वर निळ्या पेनानं एक रेघ ओढली आणि तिथं मांडीचा घेर मोजला. सेहेचाळीस. दर सोमवारी इथंच माप घ्या आणि मला फोनवर आकडा कळवा, असं धाकटीला सांगितलं. गावभर पेशंट, प्रत्येकाकडे दर आठवड्याला येणं होत नाही. आकडा उतरायला लागला तर मात्र व्यायाम बदलावा लागेल, तेव्हा काही करून येईन. टेप आहे ना घरात?

दोघी बहिणी एकदमच हसल्या. पडल्यानंतर ताई पहिल्यांदा हसली ती तेव्हा.

पावडरीच्या डब्यावर एका उघड्याबंब माणसाचं चित्र होतं. त्याचे दंड मांडीएवढे आणि मांड्या खांबाएवढ्या. ताईनं चष्मा लावून त्याला न्याहाळलं. याला सदरा शिवायचा म्हणजे दोन माणसांचं कापड, आणि बाहीचा मुंढा कुठं काढायचा देव जाणे, असा तिनं निकाल दिला. पावडर कडू होती. वरून स्ट्रॉबेरीचा वास लावला होता, त्यामुळे कडूपणाला पावडर फासून लग्नाला बसवल्यासारखं वाटे. धाकटी दुधात घोटून द्यायची, गार पाण्यात द्यायची, एकदा कॉफीत घालून पाहिली तेव्हा ताईनं कॉफीशीही कट्टी घेतली. पण पावडर एकदाही चुकली नाही. आठ वाजता, एक वाजता, सहा वाजता. धाकटी मशीनवर पाय थांबवायची, जिना चढायची, चमचा सपाट करून घालायची आणि कप रिकामा होईपर्यंत समोर उभी राहायची.

व्यायामाचं तसं नव्हतं. ताई गुडघा दाबायची तेव्हा कमरेतून कळ उठायची आणि तिचा चेहरा धाकटीनं कधी न पाहिलेला व्हायचा. ताई ओरडली असती तर परवडलं असतं. ती ओठ मिटून भिंतीकडे बघायची, आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी कानात जायचं. धाकटीला ते पाहवेना. चार-पाच मोजून झाले की दूध उतू जातंय, खाली कोणी आलंय, असं काहीतरी म्हणून ती खोलीबाहेर जायची. दहा झाले का, हे आल्यावर विचारायची. ताई झाले म्हणायची.

पहिला सोमवार आला. धाकटीनं दुकानातल्या खिळ्यावरची टेप आणली. ती टेप कायम ताईच्या गळ्यात असायची, झोपतानाच काय ती उतरायची. ताईला गंमत वाटली. चाळीस वर्षांत तू घेतलेलं पहिलं माप, आणि तेही माझंच, असं म्हणून तिनं पांघरूण बाजूला केलं.

धाकटीनं मापं घेतली नव्हती, पण घेताना ऐकली होती. हजारो. ताई प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला तेच सांगायची, आणि धाकटीच्या कानावरून ते मशीनच्या आवाजासारखं रोज जायचं. टेप कधी आवळायची नाही. आत दोन बोटं हवीत. माणूस म्हणजे काय पुतळा आहे, तो बसतो, जेवतो, श्वास घेतो. आणि दुखण्यातून उठलेलं कोणी आलं की ताईचा आणखी एक नियम. त्याचं माप आजच्या अंगावर घ्यायचं नाही, पुढची तब्येत धरायची. मागं एकदा पावाच्या भट्टीचे मालक दोन महिने तापानं झिजून आले होते. ताईनं त्यांची पँट अशी बेतली की घातल्यावर ते आरशात बघून आपल्याच पायांना हसले. तीन महिन्यांनी तीच पँट त्यांना अशी बसली की ते गरम पावांची टोपली घेऊन सांगायला आले. आजच्या अंगावर शिवली असती तर फेकून द्यावी लागली असती.

तेव्हा धाकटीनं टेप निळ्या रेघेवरून फिरवली, आत दोन बोटं सरकवली आणि बघितलं. सेहेचाळीस. कसरतबाईंचाही सेहेचाळीसच होता, त्यांनी मात्र तो टेप अंगाला चिकटवून घेतला होता, हे धाकटीच्या ध्यानातही आलं नाही. फोनवर आकडा सांगितला तेव्हा कसरतबाई छान म्हणाल्या.

दुसऱ्या सोमवारी सेहेचाळीस. तिसऱ्या सोमवारी साडेपंचेचाळीस, पण टेप वाकडी झाली असेल म्हणून धाकटीनं परत घेतलं तेव्हा सेहेचाळीस भरलं. तिनं खोटं सांगितलं असं कोणी म्हणेल तर ते खरं नाही. खरं सांगितलं म्हणेल तर तेही नाही. तिचा हात टेप धरायचा आणि पुढच्या तब्येतीशी जाऊन थांबायचा. हात चाळीस वर्षं ऐकत होता, त्यानं ऐकलेलं केलं.

कसरतबाई खूश होत्या. इतक्या दिवसांच्या पडण्यात मांडी अशी राहणं कमीच बघायला मिळतं, पावडर चांगली लागू पडली, आहे तेच चालू ठेवा, मी यायची घाई नाही, असं त्या म्हणाल्या. धाकटीनं ते ताईला शब्दन् शब्द सांगितलं. आणि मग जे व्हायचं तेच झालं. पावडर लागू पडतेय म्हटल्यावर दुपारचा व्यायाम आधी गेला, कारण दुपारी ताईचा डोळा लागायचा. मग संध्याकाळचा गेला. सकाळचा उरला, तोही दहाचा सहावर आला. ताईला कळ सोसायला नको आणि धाकटीला बघायला नको. दोघींपैकी कोणीही बंद करू असं म्हटलं नाही. चमचा मात्र आठ, एक, सहा, घड्याळासारखा.

पाचव्या आठवड्यात खाली एक वकीलबाई कोटाचं कापड घेऊन आल्या. धाकटीनं त्यांना पुढच्या पंधरवड्यात बोलावलं. ताई असेल तेव्हा, स्वतः माप घेईल. वर येऊन तिनं हे सांगितलं, तेव्हा ताईनं कापड कसलं आहे ते विचारलं, आणि हातानं हवेत कोटाची कॉलर काढून दाखवली.

सहा आठवडे पूर्ण झाले. नवीन एक्स-रे झाला, डॉक्टरांनी हाड छान जुळलंय म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कसरतबाई वॉकर घेऊन आल्या. धाकटीनं ताईला धुतलेला गाऊन घातला होता, केस विंचरून दिले होते. खाली टेबल पुसून ठेवलं होतं. ताईला खाटेच्या कडेला बसवलं. चक्कर यायची थांबेपर्यंत वाट बघितली. कसरतबाईंनी कमरेला पट्टा बांधून धरलं, धाकटीनं दुसरीकडून, आणि तीन म्हटल्यावर ताई उठली.

उठली म्हणजे वॉकरवरचे हात उठले. खांदे उठले. गुडघे थरथरले, शिवणयंत्राच्या सुईसारखे वरखाली झाले, आणि ताई कापडासारखी खाली आली. दोघींनी धरलं म्हणून खाटेवर आली. परत केलं. तिसऱ्यांदा कसरतबाईच नको म्हणाल्या.

त्यांनी पिशवीतून आपली टेप काढली. निळी रेघ पुसट झाली होती, ती परत मोजून काढली. टेप फिरवली, ओढली, कातडीला लागेपर्यंत. एकेचाळीस.

धाकटी म्हणाली की हे चुकलंय. गेल्या सोमवारी सेहेचाळीस होतं. कसरतबाईंनी परत घेतलं, मग दुसऱ्या पायाचं घेतलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, तुम्ही कसं घेत होता, दाखवाल का? धाकटीनं गळ्यातली टेप काढली, कारण सहा आठवड्यांत ती आता तिच्या गळ्यात असायची, आणि नेहमीसारखं माप घेतलं. सेहेचाळीस. टेपच्या आत तिचा अख्खा पंजा होता. तो तिथं कधी गेला ते तिला आत्ता दिसलं. बोटं पसरून, सैल, आरामात, जशी एखाद्या भल्या मोठ्या माणसाच्या सदऱ्यात.

खाली रस्त्यावर एक गाडी मागं घेत होती, तिचा टीं टीं आवाज येत राहिला.

कसरतबाई रागावल्या नाहीत. चूक माझीही आहे, मध्ये एकदा यायला हवं होतं, असं त्या स्वतःहून म्हणाल्या. पावडरीनं थोडी राखली असेल, नाहीतर आणखी गेली असती. पण एकटी पावडर किती राखणार. व्यायाम किती होत होता, हे त्यांनी विचारलं. धाकटीनं जमिनीकडे बघत सांगितलं. मग त्यांनी पुढचं सांगितलं. गेलेला स्नायू परत येतो, पण गेला त्याच्या चौपट वेळानं, आणि या वयात सगळा येतोच असं नाही. आधी वॉकरनं खोलीत. मग बाथरूमपर्यंत. जिन्याचं दोन-तीन महिन्यांनी बघू. टेबलाशी उभं राहण्याचं ताईनं विचारलं तेव्हा त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या की त्याचा विचार आत्ता नको, मावशी.

ताई माणसाचं अंग वाचून पोट भरलेली बाई. तिला ते थांबणं पुरलं. पुढे ती वॉकरनं खिडकीपर्यंत गेली, बाथरूमपर्यंत गेली, एकदा जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंतही गेली. त्या सोळा पायऱ्या ती कधी उतरली नाही. पण हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी कसरतबाई गेल्यावर धाकटी खाटेच्या पायथ्याशी बसली. रडायला आलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला फक्त आपला पंजा दिसत होता.

"मला कळत होतं," ताई म्हणाली.

धाकटीला आधी समजलं नाही.

"पहिल्या सोमवारी दोन बोटं होती. तिसऱ्या सोमवारी चार. मग पंजा. माझी मांडी आहे ती, मला नाही कळणार? जन्मभर दुसरं केलं काय मी."

"मग बोलली का नाहीस?"

ताई गाऊनचं बटण लावल्या-काढल्यासारखं करत राहिली. धाकटीला वाटलं, आता म्हणेल की तुला वाईट वाटलं असतं. म्हणजे ते ओझंही धाकटीवरच आलं असतं, आणि तिनं ते घेतलंही असतं.

"दुखत होतं गं," ताई म्हणाली. "तू सेहेचाळीस म्हटलंस की मला सुट्टी मिळायची."

चाळीस वर्षांत ताईनं आपलं काही दुखतंय असं सांगितलेलं धाकटीला आठवेना. दाढ काढून आली त्या दिवशीही तिनं दोन ब्लाउज बेतले होते. धाकटी उठून तिच्या शेजारी बसली. तिला खूप काही म्हणायचं होतं, आणि ते सगळं माफीच्या अंगानं जाणारं होतं, आणि माफी मागितली असती तर ताईनं ती मस्करीत उडवून दिली असती आणि दोघींची पुन्हा सुट्टी झाली असती. म्हणून तिनं खाली जाऊन दुकानाच्या दाराला कडी घातली, भर दिवसा, अकरा वाजता, आणि वर आली. वकीलबाईंना दुसऱ्या शिंप्याकडे पाठवायचं हे तिनं जिन्यातच ठरवलं. वर आल्यावर तिनं ते ताईला सांगितलं. कोणाकडे, ते ताईनं विचारलं. धाकटीनं नाव सांगितलं. ताई म्हणाली, कॉलर बिघडवेल तो. पण पाठव.

कसरतबाईंनी जाताना एक गोष्ट नव्यानं सांगितली होती. व्यायामाच्या वेळी गुडघ्याच्या वर, मांडीवर तळहात ठेवायचा. स्नायू खरोखर आवळला तर हाताला कठीण लागतो. नाही आवळला तर नुसतं कातडं हलतं. पेशंटला आपलं आपण नेहमी कळत नाही, हात ठेवणाऱ्याला कळतं.

धाकटीनं टॉवेल गुंडाळला, गुडघ्याखाली सारला, आणि मांडीवर हात ठेवला. मांडी गार आणि मऊ होती, आत काहीच नसल्यासारखी.

ताईनं ओठ मिटले आणि दाबलं. तिचं कपाळ ओलं झालं. कमरेतली कळ चेहऱ्यावर चढली आणि डोळ्यांच्या कडेनं पाणी निघालं. धाकटीचे पाय आपोआप दाराकडे वळू बघत होते. तिनं ते खाटेच्या दांडीला लावून ठेवले. एक, दोन, तीन, चार, पाच. सोड.

"लागतंय हाताला?" ताईनं विचारलं. श्वास धरत, भिंतीकडे बघत.

"नाही," धाकटी म्हणाली. "अजून दाब."

ताईनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग डोळे मिटले, आणि परत दाबलं.